प्रिंटर करारात येत नाही

प्रिंटरच्या तक्रारीला मी हल्ली नाही का म्हणत नाही, विचारताय ना? ते मांजरेकरकाकांमुळे.

हिंदमाताला काकांचं साड्यांचं दुकान आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं, आणि त्याचा सपोर्ट माझ्याकडे. ऐन लग्नसराईत त्यांचा फोन आला. "अरे निखिल, बिलंच छापली जात नाहीयेत. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. ये ना लगेच!"

मी लोअर परळच्या ऑफिसात बसूनच त्यांची स्क्रीन बघितली. सॉफ्टवेअर ठणठणीत होतं. म्हटलं, "काका, सॉफ्टवेअर आमचं, प्रिंटर तुमचा. प्रिंटर करारात येत नाही."

"अरे, दहा मिनिटांचं काम असेल."

"असेलही. पण करारात नाही."

काकांनी दिवसभर हाताने बिलं लिहिली. मला त्याचं काही वाटलं नाही. नियम म्हणजे नियम.

पुढच्या महिन्यात आईच्या साठाव्या वाढदिवसाला मी त्यांच्याकडूनच साडी घेतली. मोतिया रंगाची, लाल काठांची. पहिल्याच धुण्यात काठांचा रंग सुटला आणि अख्खी साडी गुलाबी झाली. आईचा चेहरा बघवेना रे. मी तणतणत दुकानात गेलो आणि साडी काउंटरवर आपटली.

काकांनी चष्मा लावला. साडी उलटसुलट करून बघितली, पुन्हा नीट घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली.

"साडी आमची, निखिल. पाणी तुमचं."