तुकडा क्रमांक चार

(१९८६. नेरूळमधलं सारसोळे गाव. खाडीकाठी मासळी वाळवायची जागा, सकाळी दहाचा सुमार.)

पुतळा : हात नका लावू दादा. जवला अर्धाच सुकलाय. पलटी मारला का सगला चिखलान जाईल.

दिनानाथ : मी फक्त खालच्या विनाइलचा कोपरा उचलतो, पुतळाबाई. खालच्या अंगाला खडूने नंबर घातलाय मी. हा बघा. दोन. म्हणजे हा नव्हे.

अरुणा : अहो, दिलेली वस्तू परत मागायला कोणी येतं का?

दिनानाथ : दिली कोणी? मी चार दिवस पनवेलला बहिणीकडे काय गेलो, परत येतो तर सहाही गुंडाळ्या गायब. वर ही मला सांगते, सोसायटीच्या गच्चीवर ठेवल्यात. आज गच्ची बघून आलो. सेक्रेटरीची गोधडी सोडून तिथे काही नाही.

अरुणा : मग काय करणार? दोन महिने हॉलमध्ये सहा गुंडाळ्या उभ्या. येईल तो विचारायचा, हे पाहुणे बसत का नाहीत. पुतळाबाई, यांच्या ऑफिसने जमिनीवरचं जुनं विनाइल उखडून फेकलं, ते हे टेम्पोत घालून घरी घेऊन आले. लोक रिटायर होताना घड्याळ आणतात.

पुतळा : पन तुमचा पलास्टिक मस्त हाय वैनी. मातीवर सुकवला का जवला दातात कचकच करतो. यावर एक खडा लागत नाय. वाशीची गिऱ्हाइका बोलतात, पुतले, तुजा जवला किती सोच्छ.

दिनानाथ : असणारच. त्या विनाइलवर सत्तावीस वर्षं फिनाईल पडलंय.

पुतळा : ता त्यांना नका सांगू.

अरुणा : आणि फुकट नाही दिलं मी. रविवारी चिंबोऱ्यांचा रस्सा दोनदा मागून घेतलात. त्या कशाच्या बदल्यात आल्या वाटतं?

दिनानाथ : म्हणजे मी माझं स्वतःचं ऑफिस खाल्लं.

अरुणा : आणि पुन्हा कधी करणार म्हणून विचारलंतही.

दिनानाथ : पुतळाबाई, बाकी पाच तुकडे तुमचे. खुशाल वापरा. मला फक्त क्रमांक चार हवा. हिरव्यावर पांढरे ठिपके, आणि मधोमध नक्षी झिजून दोन डाग पडलेत, पावलांएवढे. डावा पुढे, उजवा चार बोटं मागे.

पुतळा : म्हंजे सगल्यान खराब तुकरा तोच पायजे तुमाला?

अरुणा : यांच्याच पायांचे डाग आहेत ते. एकच खुर्ची, एकच टेबल, सत्तावीस वर्षं. उजव्या बाजूला कचऱ्याची टोपली, म्हणून उजवा पाय मागे. मला पाठ झालंय.

दिनानाथ : कर चेष्टा. शेवटच्या दिवशी माणूस पुढच्याला चार्ज देतो. कुठली फाइल कुठे, कुठला ड्रॉवर अडकतो, सगळं सांगतो. मी साडेपाचपर्यंत बसून राहिलो. घ्यायला कोणी आलंच नाही. ते टेबलच रद्द झालं होतं. शेवटी मुकादम आला आणि म्हणाला, साहेब, पाय उचला, खालचं काढायचंय.

अरुणा : हे मला बोलला नव्हतात.

दिनानाथ : सहा गुंडाळ्या घरी आणल्या, आणखी काय बोलायचं? पुढचा तुकडा कुठे, पुतळाबाई?

पुतळा : त्यो बगा, कोंबऱ्यांच्या खुराऱ्यावर. कोंबऱ्या वर जातात, घसरतात, परत वर जातात. आठ दिस झाले, अंडी द्याला टाइम नाय त्यांना.

अरुणा : पाच नंबर आहे हो. इथून दिसतोय.

पुतळा : आन एक शेजारच्या गोजराच्या मोरीला, आडोसा म्हनून. अवो दादा, तिकरं कुटं चाललाव? आत गोजरा आंघोल करते.

दिनानाथ : मी इथूनच विचारतो. बाई, तुमच्या आडोशाला पावलांसारखे दोन डाग आहेत का?

अरुणा : अहो.

पुतळा : ती बोलते, डाग नाय. पन आनखी एकदा इचारला तर तांब्या फेकीन.

दिनानाथ : ठीक आहे. तो एक किंवा सहा. पुढे?

पुतळा : एक आमचा शिवा होरीत घालून घेऊन गेला, पायाखाली. त्यो मीच कापला, डागबिग नवता त्याला. आन एक पोरांनी बांधाच्या उताराला लावलाय. वरशी पानी ओततात आन बसून खाली जातात, थेट चिखलान.

दिनानाथ : वरून डोकावून बघतो.

अरुणा : ओलं आहे ते. चपला काढा. नाही, नका काढू, चपला असू द्या. अहो, काठावर नका...

पुतळा : गेले.

अरुणा : बसल्या बसल्या गेले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस.

दिनानाथ : अरुणा, तीन आहे. खालचं टोक दुमडलंय, नंबर वाचता आला.

अरुणा : चष्मा कुठे तुमचा?

दिनानाथ : नाकावरच आहे. एका काचेतून दिसतंय.

अरुणा : हात द्या इकडे. ओढू नका हं, मी ओढते. तुम्ही नुसते...

पुतळा : वैनी पन गेल्या.

दिनानाथ : अगं, हसतेस काय?

अरुणा : तुम्ही आधी थांबा, मग मी थांबते. माझं पोट दुखायला लागलं. पुतळाबाई, तुम्ही नका हं खाली येऊ.

पुतळा : आता नाय येत. मी सांजचे येते, पोरा घरी गेली का.

अरुणा : तुम्ही?

पुतळा : रोज. दोनदा.

अरुणा : अहो, आणखी एकदा जाऊया? साडीचं व्हायचं ते झालंच आहे.

दिनानाथ : आधी क्रमांक चार. मग दोनदा.

पुतळा : त्यो म्हाताऱ्याकरं हाय दादा. माजा सासरा, पंढरी. त्या उलट्या होरीच्या सावलीत बसलाय बगा, जालं घेऊन.

दिनानाथ : पायाखाली घेतलाय?

पुतळा : डोल्यांना दिसत नाय त्याला. हाताच्या अंदाजान जालं इनतो. पन पायाच्या अंगठ्याला जालं अरकवून तानावा लागतो ना, आन त्याचा पाय सरकायचा. दोन वर्सा झाली, जालं सोरून नुसता ओटीवर बसायचा. तुमचा तुकरा झिजून खरबरीत झालाय, त्यावर पाय धरतो. आता रोज सकाली चायच्या आधी तुकरा मांगतो. थांबा, उठवते त्याला.

दिनानाथ : नका उठवू.

अरुणा : अहो, तुमचाच आहे तो. मागून घ्या. गुंडाळी नाही करायची आता. खिडकीपाशी पसरू, वर तुमची खुर्ची ठेवू. मी काही म्हणणार नाही.

दिनानाथ : त्यांचा डावा पाय अजून सरकतोय.

पुतळा : हा, तसा बोलतो तो. एक बसतो, दुसरा पलतो.

दिनानाथ : दोन्ही पाय जुळवून ठेवलेत त्यांनी. डावा डागाच्या बाहेर राहिलाय. त्यांना सांगा, डावा चार बोटं पुढे घ्या.

पुतळा : आबा, ओ आबा. डावा पाय फुरं घे. चार बोटा. हा, तसा. बसला? बसला बोलतो दादा. पन इचारतो, ता कोन सांगते?

दिनानाथ : म्हणावं, आधीचा माणूस. चार्ज देताना एवढं सांगायचं राहून गेलं होतं.