चार अंगणांचा सडा

जनगणनेच्या ड्युटीवर देवळीकडच्या एका खेड्यात गेलतो, ते तुमाले सांगतलंच नाई. भर मे महिना. दुपारी एका ओळीतली चारही घरं बंद. म्हटलं, उन्हाच्या झळांनी दारं लावून निजले असतीन. संध्याकाळी परत गेलो, तं चारही अंगणांत ताजा सडा. म्हणजे माणसं हायेत. दारं ठोकून ठोकून हात दुखले. शेवटी बादली घेऊन एक म्हातारी आली.

"काऊन ठोकून राह्यले, गुरुजी? कुलपं मागच्या दाराले हायेत. या तिन्ही घरचे पुण्याले गेले, चौथं घर माहं. सडा मीच टाकतो."

"एवढ्या पाणीटंचाईत? काऊन पण?"

"माह्या एकटीच्याच दारात सडा असला, तं बाकीचं गाव मेलं हे रोज मलेच पाहा लागते ना."