आलिकान्तेच्या विमानाची रांग

...आणि वर नवरा म्हणतो, "अगं, विचारायचंस ना!" तुम्हाला सांगते, अकरा माणसं मुकाट उभी असताना "ही रांग कसली?" असं विचारणं म्हणजे... इंग्लंडात, आमच्या डॉर्सेटमध्ये एक वेळ परक्या बाईला तिचं वय विचारतील, पण हे नाही. लोकांना वाटतं, ही बया मधे घुसायला बघतेय. मग विचारायचं कुणी?

आता माझी आई, डोरीन, वय एकाहत्तर, त्या मंगळवारी दुपारी चारला स्पेनमध्ये, आलिकान्तेला, क्लाइव्ह नावाच्या गृहस्थाशी लग्न करणार होती. तिसरं. पहिल्याच्या वेळी माझा जन्म व्हायचा होता, दुसऱ्याच्या वेळी मला कांजिण्या. म्हटलं, तिसऱ्याला तरी हजर राहू. लग्नाचा केकही माझ्याकडेच, सहा आठवडे आधी भाजलेला, दर रविवारी चमच्याने ब्रँडी पाजलेला... घरात एवढे लाड मी दुसऱ्या कुणाचे केलेले नाहीत. आणि आमच्या एवढ्याशा विमानतळावरून आलिकान्तेचं स्वस्तातलं विमान मंगळवारी आणि शनिवारी. चुकलं की गेलं शनिवारवर.

तपासणीतून सुटले तर समोर दोन दारं, एक कॉफीवाला, आणि दोन नंबरच्या दाराकडे रांग. उभी राहिले. मागे टोपीवाली एक बाई आली, हेदर. "आलिकान्तेला?" म्हणाली. "हो," म्हटलं. खरंच होतं, मी आलिकान्तेलाच चालले होते. रांगेचं तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सव्वानऊ. नऊ पंचवीसला दार बंद होणार, आणि रांग तसूभर हलेना. लाउडस्पीकर तोंडात मोजा कोंबल्यासारखा काहीतरी बोलला.

"काय म्हणाला हो?" हेदर.

"आपलं नसेल."

नऊ अठरा. काचेतून बघते तर एक नंबरच्या दारातून माणसं बाहेर पडून विमानाच्या शिडीवर चढतायत... केकने हात भरून आलेले.

"ते जर्सी बेटाचं विमान असेल," हेदर म्हणाली, पण आवाज कापरा.

"असेलच की."

नऊ बावीस. रांग सोडावी तर जागा जाते, धरून ठेवावी तर आईचं लग्न जातं... आणि विचारायचं कुणी?

नऊ चोवीसला मात्र "माफ करा, माफ करा" करत मी पुढे निघाले. मागून कुणीतरी घसा खाकरला. आमच्याकडे ती शिवी असते. सगळ्यात पुढे एक आजोबा, बायकांच्या शौचालयाबाहेर.

"आजोबा, ही रांग आलिकान्तेची ना?"

"मला काय ठाऊक बाई. माझी बायको आत गेलीय. तिची वाट बघतोय मी. तुम्हीच येऊन उभे राहिलात माझ्यामागे."

"मग बोलायचं नाही का?"

"इतके शिस्तीत उभे होतात सगळे," आजोबा म्हणाले, "मलाच वाटायला लागलं, आपला कशात तरी पहिला नंबर आहे."

धावले. एक नंबरच्या दारावरची पोरगी म्हणाली, "बंद झालं हो ताई." काचेपलीकडे शिडी मागे सरकत होती.

शनिवारचं तिकीट करून घ्यायच्या खिडकीपुढे पुन्हा रांग, तेच सगळे, त्याच क्रमाने. तिथूनच रडत आईला फोन केला.

"अगं, रडतेस काय वेडे," आई म्हणाली. "पुढच्या लग्नाला ये."

मनात आलं, क्लाइव्ह शेजारीच उभा आहे का गं?... पण विचारायचं कुणी?