सरकीचं पोतं

माझ्या बायकोला, कुंदाला, पहाटे कपाशीत बिबट्याने मारल्याचा निरोप मला दुपारी धुळ्यात मिळाला. शिंदखेड्याची बस येत नव्हती. रांगेत पुढे रायफलवाले हस्तीमलशेठ आणि त्यांचा गाडीवान बोलत होते.

"शेठ, काल बिबट्या इतला जवळ व्हता, तरी नेम चुकना?"

"तुझ्या गाडीवर रायफल टेकवली ना!"

"बैल जुपेल व्हतात, शेठ. बिबट्याना वास उना, उधळनात. बठ्ठं गाव हासस."

"हसू दे सगळ्या गावाला. आज बांधावर सरकीचं पोतं ठेवतो. पोत्यावर हात, हातावर रायफल. नुसती नळी टेकवली तर ती उसळते."

"झाडले टेकीसन मारा ना."

"वाऱ्याने झाड हलतं, तोताराम."

"पन तो परत येई का?"

"त्या बाईला उचललं नसेल, तर येईल."

बिबट्याच्या भीतीने कुंदाला अजून कुणी शेतातून घरी आणलं नव्हतं.