न कळण्याचं सोंग

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, चाचणी विभागातले माझे सहकारी, बाईंचे यजमान आणि लेक, आणि जिच्यासाठी आपण जमलो ती आमची, म्हणजे त्या आमच्या, बाई,

बघा, सुरुवातीलाच जीभ घसरली. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, म्हणून थोडक्यात सांगते.

प्राथमिक शाळेतल्या मुलांना वाचलेलं कितपत कळतं, याची आंतरराष्ट्रीय चाचणी होते. अनेक देशांतली मुलं तेच उतारे आपापल्या भाषेत वाचतात. आपल्या भाषेतले उतारे आणि प्रश्न शाळांत जाण्याआधी आमच्या टेबलावर तपासले जातात. तिथं बाईंची एक पद्धत होती. त्या स्वतः ढ मूल व्हायच्या. उतारा खणखणीत वाचायचा आणि काहीच कळलं नाही असं दाखवायचं. तरीही इकडचे तिकडचे चार शब्द उचलून उत्तर बरोबर आलं, तर तो प्रश्न बाद! "पोपटाला मार्क द्यायला बसलो नाही आपण," म्हणायच्या. वेड पांघरून पेडगावला कसं जावं, ते बाईंकडून शिकावं. गाल फुगवायच्या, खिडकीबाहेर बघत बसायच्या. आमची हसून हसून पुरेवाट व्हायची.

गेल्या हिवाळ्यात एक उतारा आला. वादळात वाट चुकलेली मुलगी आपल्या शेळीची दोरी सोडते, शेळी वाट काढते, मुलगी तिच्यामागून घरी पोचते. बाईंनी सुरेख वाचला. मी विचारलं, "मुलीनं दोरी का सोडली?"

"कुठली मुलगी?" बाई म्हणाल्या.

काय सांगू, टाळ्या पडल्या! संचालक म्हणाले, "बाई, तुम्ही नाटकात जायला हवं होतं." बाईही हसल्या. पुढच्या उताऱ्याला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. बाईंना उत्तर येत नाही, म्हणजे प्रश्न चोख, असं म्हणत आम्ही एकेक प्रश्न पास करत गेलो.

मग एका दुपारी बेसिनपाशी हात धुताना त्यांनी माझं मनगट धरलं. "अगं, मी सोंग करत नाहीये. अक्षरं दिसतात, तोंडातून बाहेरही पडतात. आत काही पोचत नाही." आणि रडायलाच लागल्या.

दुसऱ्यांच्या लेकरांना कळतंय का, हे बघण्यात जिचा जन्म गेला, तिच्याच वाट्याला हे का यावं? कुणाला विचारायचं? मला फार वाईट वाटतं. रागही येतो, पण तो कुणावर काढणार?

डॉक्टर म्हणतात, वाचलेलं गेलं तसं ऐकलेलंही हळूहळू जाईल. म्हणून निवृत्तीला वर्ष असताना आजच हा समारंभ. मानपत्र मुद्दाम केलं नाही. जे सांगायचं ते त्यांच्या कानावर पडावं, आणि कळतंय तोवर पडावं, एवढीच आमची धडपड.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, यजमानांनी बाईंना हाताला धरून इथवर आणलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. काही उणंअधिक बोलले असेन, तर पदरात घ्या.

आता बाई, तुमच्याशी. आमचा तुमच्यावर फार जीव आहे. तुम्ही नसलात की ते टेबल आम्हाला खायला उठेल. एवढंच सांगायचं होतं.

कळलं, बाई?

नाही?

असू दे. आज कुणी हसणार नाही. मी परत सांगते.