हातभर पिल्लू

नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर शिवणवाली बाई नातवाच्या रिपोर्टसाठी बसली होती. तिला खेटूनच बाकावर एक खलाशी आणि त्याची सासू. सातव्या महिन्यातच झालेलं खलाशाचं बाळ आत काचेच्या पेटीत होतं.

“जावईबापू, घोटभर चहा तरी घ्या.”

“आई, त्या शार्कला एकच पिल्लू होतं. दोन दोन वर्षं पोटात वागवते ती.”

“आता कुठली शार्क काढलीत?”

“मागच्या खेपेची. अर्धा मैल खोल राहते, उजेड पोचत नाही तिथे. लिव्हरच्या तेलासाठी फाडतो आम्ही. माझ्या सुरीखाली पिल्लू हललं.”

“मग?”

“दया आली. सोडलं पाण्यात. हातभर होतं, पण दिवस भरले नव्हते. त्याला खाली जाताच येईना. भर उन्हात बोटीला लागून तरंगत राहिलं.”

“असलं अभद्र बोलू नये हो इथे.”

दार उघडून नर्स डोकावली. “बाळाचे वडील कोण? या, बाळाला हात लावू देतो.”

“उठा ना!”

“तुम्ही जा, आई. माझ्या हातांना अजून तेलाचा वास येतोय.”

“धुवा की मग.”

“सकाळपासून चार वेळा धुतले.”

शिवणवालीला तर मघापासून नुसता साबणाचाच वास येत होता.