रुपेरी वाघाचा रंग पुन्हा कुणाला लावू नका

मागे उभे आहात त्यांनी पुढे या. सतरंजीवर जागा आहे. दारात गर्दी करू नका, अम्मांना वारा लागू द्या.

अम्मा, रहीमचाचा, बाबूशेठ, पूर्वभागातले माझे विणकर बंधू आणि भगिनी, होटगीहून पाळी बदलून आलेली रेल्वेची मंडळी. मला बोलायची सवय नाही. मी मिलच्या टाइम ऑफिसात कारकून आहे, आणि ऑर्केस्ट्रात मागे बसून ड्रम वाजवायचो. दोन्हीकडे तोंड उघडावं लागत नाही. आज उघडावं लागतंय. शब्द सापडले नाहीत तर थोडं थांबेन, तेवढं सांभाळून घ्या.

अंबादास गेला. आपला अंबादास, अम्मांचा थोरला. दिवसा मागावर चादरी विणणारा आणि संध्याकाळी रुपेरी वाघ होणारा. तुमच्यातल्या पुष्कळांनी वाघ पाहिला, पण अंबादासला ओळखलं नाही. त्याच्याच कारखान्यात शेजारच्या मागावर बसणारा एक जण मला म्हणाला होता, "कारकूनसाहेब, त्या वाघाला एकदा जवळनं बघायचंय वो." मी काय सांगणार? वाघ त्याच्या शेजारी बसून सुताची कांडी भरत होता.

हा वाघ आला कुठून, ते आधी सांगतो. मोहरममध्ये आपल्या गावात वाघ निघतात, हे तुम्हाला माहीत आहे. अंबादास लहान असताना तापाने जायची वेळ आली होती. अम्मांनी पिराच्या पंजापुढे नवस बोलला, पोर वाचलं तर वाघ करीन. पोर वाचलं. रहीमचाचांनी त्याच्या अंगावर पट्टे काढले. चाचा वर्षभर दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि मोहरममध्ये वाघ रंगवतात. रंग तोच. पाटीचाच ऑइल पेंट. तो रॉकेलने उतरतो. पाच दिवसांचा वाघ, मग रॉकेल, मग आंघोळ, की झालं. नवस फिटला.

पण अंबादासच्या मनातून वाघ उतरला नाही.

अंबादास, यल्लप्पा, हुसेन आणि मी, आम्ही चौघांनी ऑर्केस्ट्रा काढला तेव्हा दर गल्लीत एक ऑर्केस्ट्रा होता. सगळे तीच गाणी म्हणायचे, तसेच कोट घालायचे. पहिल्या गणपतीत आम्हाला कुणी ऐकलंच नाही. लोक गाणं चालू असताना शेंगा खात गप्पा मारत होते. अंबादास खाली उतरला आणि म्हणाला, "ओ कारकून, ही लोकं कानानं ऐकत न्हाईत. आधी डोळ्यानं ऐकवायला पायजे." मी म्हटलं, म्हणजे काय करायचं? तो म्हणाला, "वाघ व्हायचं."

मी हसलो. तो हसला नाही.

मग त्याने काय काय केलं! स्वतःच्या मागावर झगा विणला. चादरीचाच, पण काळ्यात जरीचे रुपेरी पट्टे. चपलांखाली लाकडी ठोकळे ठोकून घेतले, एवढे उंच की पहिल्या दिवशी जिन्यावरून कोसळला. मिरजेच्या एका सतार करणाऱ्याकडून वाघाच्या पंजाच्या आकाराची गिटार करून घेतली. तो कारागीर म्हणाला म्हणे, "मी सरस्वतीचं वाद्य करतो बाबा, हे काय करायला लावतोस?" हातगाडीवर बांबूचा पिंजरा केला. घमेल्यात ऊद टाकून धूर करायचा, धुरातून पिंजरा ओढत आणायचा, मी ड्रम वाजवायचा, तो आतून साखळी तोडणार आणि गाणार. तोंडाला, छातीला, हातांना रुपेरी रंग आणि त्यावर काळे पट्टे. रंगवणारे रहीमचाचा.

नातेपुत्याच्या बाजारात आमचा कार्यक्रम झाला. पिंजरा उघडला आणि पुढच्या बायका पोरं उचलून मागे पळाल्या. मग गाणं सुरू झालं. एक म्हातारा उभा राहून ओरडला, "आरं, ह्यो मानूस हाय का जनावर?" अंबादास माइकवर म्हणाला, "आता जनावर हाय, आजोबा. सकाळी आठला मागावर मानूस!" सगळा बाजार हसला. त्या दिवसापासून आम्हाला कुणी शेंगा खात ऐकलं नाही.

होटगीच्या मंडळींना आठवत असेल, तुमच्या वसाहतीत लोक मालगाडीच्या डब्यांवर चढून बसले होते. पुण्याहून आलेला कॉलेजचा एक विद्यार्थी भेटला आणि म्हणाला, तुम्ही विलायतेतल्या बँडांची नक्कल करता, तिकडे असेच तोंड रंगवून गातात. अंबादासने विचारलं, "खरं की काय? मग त्यांच्याकडं पण मोहरम असतंय का?"

हे सगळं सांगताना मलाही बरं वाटतंय. पण मी यासाठी उभा राहिलो नाही.

अंबादास कशाने गेला? गावात काय बोलतात ते मी ऐकलंय. दारूने गेला म्हणतात. तो दारू पीत नव्हता. ज्याने त्याला प्यायलेला पाहिला असेल त्याने आत्ता उभं राहावं. कुणी म्हणतं, नवसाच्या वाघाचा तमाशा केला म्हणून देवाने नेला. हे बोलणाऱ्यांनी अम्मांच्या घरावरून जाताना निदान आवाज तरी खाली ठेवावा. त्या तेलुगू बोलत असल्या तरी त्यांना मराठी समजतं.

अंबादास रंगाने गेला. डॉक्टरांनी मला आणि त्याच्या भावाला, श्रीनिवासला, समोर बसवून सांगितलं. वर्षातून पाच दिवस लावायचा रंग तो आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा लावत होता, वर्षानुवर्षं. आणि दर वेळी रॉकेलने घासून काढत होता. कातडी फुटायची, त्या फुटलेल्या कातडीवर पुन्हा रंग. त्यातलं विष रक्तात गेलं. आधी जखमा भरेनाशा झाल्या. मग जेवण जाईना. मग अंगाला सूज.

चाचांनी त्याला सांगितलं नव्हतं का? माझ्यासमोर सांगितलं होतं. "बेटे, ये पाँच दिन का रंग है. हमेशा का नक्को." अंबादास म्हणाला, "चाचा, तुम्ही नाही काढले पट्टे, तर मी आरशात बघून काढीन. वाकडे येतील, तुमचंच नाव खराब होईल." चाचा काय करणार? त्याने स्वतः काढले असते तर आणखी जाड थर दिला असता. चाचा, तुम्ही खाली बघू नका. इथे कुणी तुम्हाला बोट दाखवत नाही.

नाटकवाल्यांचा रंग आणून पाहिला होता. त्वचेला लागत नाही असा. माढ्याच्या कार्यक्रमात तो लावला. मे महिना, वरून दिव्यांचा उकाडा. तिसऱ्या गाण्यात पट्टे घामाने ओघळले. डोळ्यांखालून काळं पाणी गळ्यापर्यंत आलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, वाघ रडाय लागला की!" लोक हसले. पूर्वीसारखे नाही हसले. अंबादासने गाणं पुरं केलं. उतरल्यावर तो रंग त्याने गटारात ओतला. मला म्हणाला, "कारकून, आपला वाघ रडत न्हाई." त्यानंतर त्या विषयावर तो माझ्याशी बोलला नाही. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून फिरायचा. जवळ बसलं की रॉकेलचा वास यायचा. लोक समजायचे, घरी स्टोव्ह आहे.

आता जे बोलायचं ते बोलतो.

बाबूशेठ, तुम्ही समोर बसला आहात. तुम्ही आमच्या कार्यक्रमांचे कॉन्ट्रॅक्टर. तुम्ही आम्हाला गावोगाव नेलंत आणि अंबादास दवाखान्यात होता तेव्हा रोज येऊन बसत होता, हे मी विसरणार नाही. पण परवा तुम्ही अम्मांच्या घरी येऊन म्हणालात, "वाघाचा चेहरा कुठं कुणी बघितलाय? पट्टे तेच, झगा तोच. आत माणूस बदलला तर पब्लिकला काय कळणार?" आणि तुम्ही श्रीनिवासकडे बघितलंत.

श्रीनिवास म्हणजे अंबादासचा धाकटा भाऊ. ज्यांना माहीत नाही त्यांनी बघा, तो दारापाशी उभा आहे. तीच उंची, तेच खांदे. आवाजही तसाच. मला मान्य आहे, पब्लिकला कळणार नाही. पुढच्या कार्यक्रमाची पोस्टर छापून आली आहेत. त्यांवर वाघ आहे. तो वाघ कोण, ते लिहिलेलं नाही. कधीच लिहिलेलं नव्हतं.

श्रीनिवास त्या दिवशी मला म्हणाला, "अण्णा गेला म्हणून वाघानं पण जायचं का वो? मी नाही झालो तर दुसरा कोणतरी होईल. मग अण्णाचा वाघ परक्याच्या अंगावर बघायचा का?" हे बोलताना त्याचे डोळे भरले होते. पोरगं लोभाने बोलत नव्हतं. भावाच्या मायेने बोलत होतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. अम्मा चुलीपाशी बसल्या होत्या. त्या एकच शब्द बोलल्या, "वद्दु." नको. कुणी ऐकला नाही. सगळे मोठ्याने बोलत होते.

मी ऐकला. म्हणून आज मी मोठ्याने बोलतोय.

अंबादासच्या शेवटच्या आंघोळीला मी होतो. महिनाभर दवाखान्यात राहूनही रंग पूर्ण गेला नव्हता. कानांमागे, नखांच्या कडेला, गळ्याच्या घडीत रुपेरी कण होते. आम्ही पाणी तापवलं. तेवढ्यात रहीमचाचा आले. हातात गोडेतेलाची वाटी आणि मऊ फडकं. म्हणाले, वाघ जो चढवतो त्यानेच उतरवायचा, ही रंगवणाऱ्या उस्तादाची रीत आहे. समाजातल्या मोठ्या माणसांनी अम्मांकडे पाहिलं. अम्मांनी मान हलवली. मग चाचा खाली बसले आणि त्यांनी एकेक कण टिपला. रॉकेल नाही, तेलाने, हळू. किती वेळ गेला सांगता येणार नाही. कुणी घाई केली नाही. शेवटी अंबादासचा चेहरा दिसला. त्याच्या कपाळाची, गालाची कातडी मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. तुम्हाला सांगण्यासारखी नव्हती.

उठताना चाचा म्हणाले, "उतर गया. अब ये शेर किसी को नहीं चढ़ता." उस्तादांची रीत अशीही आहे, की उतरवलेला वाघ तसाच्या तसा दुसऱ्याच्या अंगावर चढवत नाहीत. त्याचे पट्टे त्याच्याबरोबर संपतात. बाबूशेठ, तुमचा हिशेब बरोबर असेल, पब्लिकला कळणार नाही. पण ज्यांनी तो उतरवताना पाहिला त्यांना कळेल.

तेव्हा मी जाहीर सांगतो. गिटारवाला यल्लप्पा आणि हार्मोनियमवाला हुसेन, दोघांशी माझं बोलणं झालंय. रंगवलेल्या माणसाच्या मागे आम्ही यापुढे वाजवणार नाही. श्रीनिवास असो, कुणी असो. पोस्टर लावू नका, बाबूशेठ. लावलीत तर त्या दिवशी स्टेजवर पिंजरा असेल, वाद्यं नसतील.

आणखी एक. अंबादासचं बघून गावोगाव पोरं रंगून गायला लागली आहेत. माढ्यात एक चित्ता आहे. अक्कलकोटला कुणी नाग झालाय. लोक म्हणतात, हे अंबादासने मागे ठेवलं. खरं आहे, ठेवलं. त्याच्याआधी विणकराचं पोर असं छाती काढून उभं राहत नव्हतं. पण ती पोरंही पाट्यांचाच रंग लावतात. मी माढ्याच्या पोराला भेटून आलो. त्याच्या मनगटावर पुरळ आहे. तो हसला, म्हणाला, घामोळं आहे. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर त्याला सांगा. अंबादासच्या नावाने सांगा, निदान ऐकेल तरी. ऐकलं नाही तर त्याच्या आईला सांगा.

श्रीनिवास, आता तुला. गायचं असेल तर गा. तुझा गळा चांगला आहे. तुझ्या तोंडाने, तुझ्या नावाने गा. लोक शेंगा खातील, खाऊ देत. मी ड्रम घेऊन येईन. पण अण्णाच्या मायेपोटी त्याच्या जागी जाऊन निजू नकोस. अम्मांनी एकदा पंजापुढे मागितलं, ते मिळालं. पुन्हा मागायची ताकद आता त्यांच्यात नाही.

माझं झालं.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. बाहेर माग चालू आहेत, ते बंद करायला कुणी जाऊ नये. पूर्वभागात शांतता अशीच असते. आपण फक्त आपलं बोलणं थांबवू.

श्रीनिवास, तू उभा राहायचं नाहीस. तू दारातून इकडे ये आणि अम्मांजवळ बस. वाट द्या त्याला. बाबूशेठ, पाय जरा आवरा, त्याला येऊ द्या.

तो येईपर्यंत मी थांबतो.

ये. असा, अम्मांच्या या बाजूला. हात धर त्यांचा.

आता बाकीच्यांनी उभं राहावं.